किल्ली कुंडीखाली

मंगळवार, ३ सप्टेंबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. कपाटात आडवं व्हायला जागा नसल्यामुळे उभ्यानंच घातला आहे, गोड मानून घे.

गेल्या ऑक्टोबरात तुझ्या घरी जेवणाच्या टेबलावरून उठताना तू म्हणाली होतीस, की यापुढे जे काय सांगायचं असेल ते लेखी सांग. मला वाटलं, रागाच्या भरात बोललीस. म्हणून मी आपला अकरा महिने फोन करत राहिलो, आणि तू आपली उचलत नव्हतीस. परवा डोक्यात प्रकाश पडला. पाणीपुरवठा कार्यालयातली मुख्य लिपिक रागावली तरी नियमानंच रागावणार. लेखी म्हणजे लेखी. तर हे घे. अक्षर कोंबडीचे पाय आहे, ते तुला पहिलीपासून माहीत आहे.

आमच्याकडे सगळं ठीक. आमच्याकडे म्हणजे मी आणि कपाट. आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट आठवतंय ना? त्याचे कप्पे काढून आत चार रजया टांगल्या आहेत, मधे माइक, आणि माइकमागे मी. रेकॉर्डिंग करायचं झालं की आत शिरतो, दार ओढून घेतो आणि बनियनवर अंधारात प्रेमगीतं गातो. परवा घरमालकीण पाणी आलंय का विचारायला वर आल्या आणि कपाटातून माणूस बाहेर पडलेला बघून तशाच खाली गेल्या. पाणी आलं होतं, ते सांगायचं राहूनच गेलं.

भाऊजींनी मला एकदा विचारलं होतं, की स्वतंत्र कलाकार म्हणजे नेमकं काय रे? तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगतो. गाणं मी लिहितो, चाल मी लावतो, गिटार मी वाजवतो, गातो मी, रेकॉर्ड मी करतो. मग ते निवडून, पाखडून, जुळवून लोकांपुढे ठेवतो तेही मीच. आणि कुणी ऐकलं नाही की रुसतो मी, आणि माझी समजूतही मीच काढतो. असं हे बारा वर्षं चाललं आहे.

कामं येतात अधूनमधून. मागच्या महिन्यात एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाला गायलो. मालकांची इच्छा अशी, की मी विक्रीच्या सोफ्यावर बसून गावं, म्हणजे सोफाही दिसेल. दुसरं कडवं चालू असताना एक कुटुंब आलं आणि म्हणालं, जरा उठता का, बसून बघायचंय. उठलो. उरलेलं गाणं मी उभ्यानं म्हटलं आणि त्यांनी बसून ऐकलं. सोफा मात्र घेतला नाही त्यांनी.

आणि हो, एक गाणं बरं चाललं आहे. जूनमध्ये आलं. बरं म्हणजे बरंच बरं. सलूनवाला माझे केस कापताना तेच गुणगुणत होता. मी म्हटलं, हे माझं गाणं आहे. तो म्हणाला, मान हलवू नका. त्या गाण्याबद्दल पुढे सांगतो.

स्वयंपाकघरातल्या नळाचं मात्र काही खरं नाही. जूनपासून प्लंबर चार वेळा येऊन गेला. माणूस मोठा सज्जन, पण पाना हातात घेतल्याशिवाय त्याला बोलता येत नाही आणि पाना हातात घेतला की गप्प बसता येत नाही. नळ अजून गळतोच आहे. तुझ्या खात्यात कुणाशी बोलू का?

भाची काय म्हणते? दहावीचं वर्ष, अभ्यास करते ना? तिनं तुला माझ्याबद्दल काही सांगितलं का? सहज विचारतो आहे. नसेल सांगितलं तर तिला मुद्दाम विचारू नकोस, पोरीचं अभ्यासावरचं लक्ष उडेल.

भाऊजींच्या गुडघ्याला आराम असेल. थंडी सुरू झाली की त्यांना त्रास होतो म्हणून आधीच विचारून ठेवलं.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप. जिने चढताना दमतेस, मधे थांबत जा.

तुझा,
भोंगा

ता. क. २८ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, माझा मोठा कार्यक्रम आहे. चांगलं चारशे खुर्च्यांचं सभागृह आहे. येशील का? तुला काही करायचं नाही. म्हणजे फारसं नाही.

*

गुरुवार, १२ सप्टेंबर

ताई,

काल तुझं पाकीट मिळालं. नाचतच उघडलं, तर आत माझंच पत्र. समासात तुझ्या तांबड्या शाईत लिहिलेलं, ‘विषय नमूद नाही. पान दोनवर “पुढे सांगतो” असे लिहिले आहे, पुढे सांगितलेले नाही. ता. क. मधील “फारसं नाही” याचा अर्थ स्पष्ट होत नाही. त्रुटी दूर करून फेरसादर करावे.’ खाली सही आणि तारीख.

आधी हसलो. मग पाणी प्यायलो. मग कपाटात जाऊन बसलो.

तर फेरसादर.

विषय: तुझा आवाज, आणि मी त्याचं काय केलं.

संदर्भ: गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातली रविवारची दुपार, माझं कपाट.

मी दुसरीत होतो तेव्हाच्या तुझ्या चिठ्ठ्या तुला आठवतात का? आई-बाबा दोघं कामावर, तू कॉलेजात. मी शाळेतून यायचो तर दाराला टाचणीनं लावलेली चिठ्ठी असायची. किल्ली कुंडीखाली आहे. दूध झाकून ठेवलं आहे. दार आतून लाव. मी येतेच आहे. चोरालाही वाचता येतं, हे आपल्या घरात इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही. मी ती चिठ्ठी रोज वाचायचो. किल्ली कुठे असते ते पाठ होतं, तरी वाचायचो. शेवटची ओळ दोनदा. त्या चिठ्ठीचं मी गेल्या वर्षी गाणं केलं आणि तुला म्हटलं, जरा म्हणून दाखव, मला पट्टी बघायची आहे.

आमच्यात त्याला कच्चा आवाज म्हणतात. शिंपी आधी कच्चे टाके घालतो ना, तसंच. मापापुरतं कुणीतरी गायचं, मग पक्कं रेकॉर्डिंग झालं की कच्चं पुसून टाकायचं. तू तीनदा विचारलंस, पुसशील ना? मी तीनदा म्हटलं, पुसतो. मग तू कपाटात गेलीस, पर्स काखेत तशीच धरून, आणि गायलीस. दुसऱ्या कडव्यात मधेच थांबून म्हणालीस, “थांब, थांब. अरे, इथे श्वास कुठे घ्यायचा?” आणि हसलीस.

त्या हसण्याची किंमत मला ठाऊक होती. नववीत शाळेच्या कार्यक्रमात ओळीच्या मधोमध तुझा श्वास संपला, तू गप्प उभी राहिलीस आणि अख्खी शाळा हसली. त्यानंतर तू चारचौघांत कधी गायली नाहीस, फक्त भांडी घासताना. मी तेव्हा आईच्या मांडीवर होतो. सगळे हसतात म्हणून मीही टाळ्या वाजवून हसलो, असं आई सांगायची. पाच वर्षांचा होतो, तेवढं पोटात घाल.

मी पुसलं नाही, ताई. तीन ठिकाणी प्रती करून ठेवल्या.

मग मी माझं पक्कं रेकॉर्डिंग करायला घेतलं. एकदा नाही, एक्केचाळीस वेळा. दर वेळी फाइलला नवं नाव. कुंडी शेवटचं. कुंडी अगदी शेवटचं. कुंडी शेवटचं खरंच. काही केल्या जमेना. मग माझा आवाज बंद करून तुझा लावायचो, तू ‘येतेच आहे’ कसं म्हटलंस ते ऐकायचो, आणि पुन्हा तुझा बंद करून माझा लावायचो. स्क्रीनवर एवढी एवढी दोन बटणं असतात, एक तुझं, एक माझं. असं महिनोन्‌महिने.

जूनमध्ये एका दुपारी तुझा आवाज लावून ऐकत होतो आणि स्वयंपाकघरातला नळ निखळून हातभर उडाला. प्लंबर धावत आला आणि ओरडला, की पाणी बोर्डापर्यंत येतंय, वीज बंद करतो. गाणं पाठवायची ती शेवटची तारीख होती, म्हणून मी घाईघाईनं फाइल काढली आणि दिली पाठवून. गाणं पाठवण्याआधी एकदा अथपासून इतिपर्यंत ऐकायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. बारा वर्षांत मी तो एकदाच मोडला. बटणं उलटी होती. फाइलचं नाव ‘कुंडी शेवटचं खरंच शेवटचं ४’, आणि आत तू.

माझी फजिती अशी झाली. हे पत्र इथंच संपवावं, असं आत्ता फार वाटतंय. चहा करून येतो.

आलो. तर मी एवढं सगळं ‘चूक झाली’ म्हणून सांगितलं. ती चूक तीन दिवसांची होती. तिसऱ्या दिवशी, गाणी जगभर पोचवणाऱ्या कंपनीतून मला पत्र आलं. त्यांच्याकडे कुणीतरी प्रत्येक गाणं तपासतं. त्यांनी लिहिलं होतं, दोन मिनिटं अकरा सेकंदांवर एक बाई गाणं थांबवून काहीतरी विचारते आहे. ही चूक आहे का? असल्यास दुसरी फाइल पाठवा.

मी हादरलो. लगेच लावून ऐकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्लंबर वॉशर बसवत होता. गाणं संपलं. मी त्याला म्हटलं, चुकीचं गेलं हो, थांबा, खरं ऐकवतो. आणि माझं ऐकवलं. तो पाना हातात धरून उभा. म्हणाला, “आधीचंच राहू द्या. तुम्ही गाताय. त्या बाई सांगतायत.”

इतका राग आला मला त्याचा. बारा वर्षांत एकाही टीकाकारानं माझ्याबद्दल इतकं नेमकं वाक्य लिहिलेलं नाही, आणि हा माणूस धड नळ बसवू शकत नाही. पण मला ते नऊ महिन्यांपासून माहीत होतं, ताई. म्हणून तर एक्केचाळीस वेळा गायलो. मी कंपनीला उत्तर लिहिलं: ‘चूक नाही.’ दोनच शब्द. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही.

आणि गाणं धावत सुटलं. आजवर माझं सर्वांत गाजलेलं गाणं दोनशे बारा माणसांनी ऐकलं होतं, त्यातली शंभरएक मीच असेन. हे लाखांत गेलं. आणि लोकांना सगळ्यांत जास्त काय आवडलं म्हणशील? तुझा प्रश्न. एका जाणकारानं तीन परिच्छेद लिहिले, की इथे आधुनिक माणसाची घुसमट हुंकार भरते. पोहण्याच्या एका वर्गानं ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं. लोक लग्नाच्या, परीक्षेच्या, बदलीच्या फोटोंखाली लिहितात, ‘इथे श्वास कुठे घ्यायचा?’ तू ज्याला आयुष्यभर घाबरलीस तो प्रश्न लोक छातीवर छापून हिंडतात.

आता खरं लाजिरवाणं सांगतो. ऑगस्टमध्ये रेडिओवर मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, हा आवाज कुणाचा? मी तोंड उघडलं ते तुझं नाव सांगायलाच, देवाशपथ. आणि म्हणालो, माझाच आहे, यंत्रानं बारीक केला. त्या म्हणाल्या, आणि तो प्रश्न? मी म्हटलं, तोही माझाच, कलावंताचा सनातन प्रश्न आहे तो. त्या म्हणाल्या, हसू किती खरं वाटतं! मी म्हटलं, मेहनत आहे. जीभ कशी झडली नाही माझी, कोण जाणे. बारा वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं, आणि त्याचं उत्तर मी नव्हतो. तेवढं सोसलं नाही.

भाचीनं त्याच संध्याकाळी फोन केला. म्हणाली, मामा, तो आईचा आवाज आहे, आई कढई घासताना ‘आहे’ असंच ओढते. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग आईला विचारू? पोरगी तुझ्यावर गेली आहे. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून माझी दुसरी गिटार गेली. तुला सांगायचं नाही, अशी तिची शपथ आहे, तिला रागावू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या घरी आलो होतो. हे तुला माहीत नाही. तोंडानंच सांगून टाकू, मारलंस तर मार खाऊ, असं ठरवून आलो. घरी कुणी नव्हतं. मी सवयीनं कोरफडीची कुंडी उचलली. लग्न करून गेलीस तेव्हा तू मला सांगितलं होतंस, की घर बदललं तरी किल्लीची जागा तीच, तू केव्हाही ये. सतरा वर्षं ती तिथे होती. त्या दिवशी नव्हती. पुन्हा उचलून पाहिली. शेजारची मोगऱ्याची उचलली. खाली ओला गोल डाग आणि एक गोगलगाय. तुझ्या पायरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. छत्तीस वर्षांचा घोडा. समोरच्या आजोबांनी विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, किल्ली सापडत नाही.

मग ते वाक्य आठवलं. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, आणि या पत्रातही इतका वेळ त्याच्याभोवतीच घुटमळतो आहे. तू माझ्यासाठी शाळेतल्या संगीत शिक्षकाच्या जागेचा अर्ज भरून आणला होतास. सगळा स्वतःच्या हातानं, सही करायच्या जागी पेन्सिलची फुली. मी भाऊजींसमोर, भाचीसमोर म्हणालो, की कपाटात लपून गाणाऱ्या माणसानं मला धाडसाच्या गोष्टी सांगू नयेत. तू त्या कपाटात फक्त माझ्यासाठी गेली होतीस. आणि त्या कपाटात बारा वर्षं लपून गाणारा मीच, दुसरं कोण?

मी चुकलो, ताई. फाइलचं नाही म्हणत, ते वाक्य चुकलं.

आता ‘फारसं नाही’चा अर्थ. २८ तारखेला लोक ते गाणं मागणार. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी बजावलं आहे, की ते प्रत्यक्ष गायचं, रेकॉर्ड लावायचं नाही. मी यंत्र लावून आवाज बारीक करून पाहिला, तर नाकात मुंगळा शिरलेल्या माणसासारखा येतो. ते एक झालं. पण यंत्रातून हुबेहूब निघाला असता तरी आता मला ते गायचं नाही. तू येऊन गाशील का? चारशे माणसांसमोर. मी बाजूला गिटार घेऊन बसेन.

आणि नाही म्हणालीस तर हे वाचून लगेच नाही म्हण. त्याच दिवशी गाणं मागे घेतो आणि या वेळी खरंच पुसतो, तिन्ही प्रती, तुझ्या डोळ्यांदेखत. माझं चाललेलं ते एकच गाणं आहे, ते काही तुझ्या गळ्यात धोंडा म्हणून लिहीत नाही, फक्त माहितीसाठी. रेडिओवर जाऊन खरं सांगणार आहे, ते तू हो म्हण की नाही म्हण. त्या बाईंची सोमवारची वेळ घेतली आहे.

पत्र परत पाठवू नकोस. फाडलंस तरी चालेल, पण ठेवून घे.

तुझाच, चुकलेला,
भोंगा

*

मंगळवार, १७ सप्टेंबर

चि. भोंगा यास,

तुझं दिनांक १२ चं पत्र मिळालं. विषय, संदर्भ, सर्व नमूद आहे. दाखल करून घेतलं.

तू कळवलेल्या बाबींपैकी बहुतेक या कार्यालयास आधीच माहीत होत्या. आमच्या शिपायाच्या फोनची घंटा म्हणजे जूनपासून तेच गाणं आहे. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी एका इमारतीच्या नळजोडणीचा अर्ज तपासत होते. माझा आवाज माझ्याच मागून आला आणि शिक्का माझ्या अंगठ्यावर बसला. तीन दिवस निळा होता. मी लगेच तुझ्याविरुद्ध तक्रारअर्ज लिहायला घेतला, कुणाकडे करायचा ते कळेना म्हणून अपुरा राहिला. दुपारी जेवायच्या सुट्टीत अभिलेख कक्षात गेले, फायलींच्या मांडणीमागे दार लावून बसले आणि तुझं गाणं पूर्ण ऐकलं. म्हणजे माझं. मग रोजच ऐकू लागले. तेव्हा कपाटाबद्दल तू मला जे म्हणालास ते अगदीच खोटं नव्हतं. पण ते सगळ्यांसमोर म्हणायचं नव्हतं. मला फार लागलं रे ते. अजून लागतं.

आमच्याकडे आता असं झालं आहे, की फोन वाजला आणि शिपायानं उचलला नाही तर अख्खं कार्यालय काम थांबवून त्या ओळीची वाट बघतं. ती आली की सगळे एकदम म्हणतात, इथे श्वास कुठे घ्यायचा? आणि हसतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, पुन्हा नववीत उभी आहे. मग बघितलं, तर कुणी माझ्याकडे बघून हसत नव्हतं. आमचे साहेब, जे तेवीस वर्षांत कधी हसले नाहीत, तेही हसत होते. तो आवाज माझा आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. तू सांगशील म्हणून थांबले. ऑगस्टमध्ये तुझी रेडिओवरची मुलाखतही आम्ही सर्वांनी मिळून ऐकली. ‘मेहनत आहे’ ऐकून मी उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीखालची किल्ली काढून घेतली ती त्यापायी. भांडणापायी नव्हे. भांडण झालं तरी ती दहा महिने तिथेच होती. तू एकदाही उचलून पाहिली नाहीस, आणि पाहिलीस ती नेमकी त्याच दुपारी. तुझं टायमिंग आहे असं.

तुझ्या भाचीनं तुला फोन केला त्याच संध्याकाळी मला सगळं सांगितलं होतं. गिटार नंतर घेतली. तिला मी रागावले आहे. गिटार परत मिळणार नाही, ती आता दोन सूर बरे वाजवते.

आज दुपारी रेडिओवर काल झालेलं तुझं बोलणं शिपायानं मोठ्यानं लावलं. तू माझं नाव घेतलंस, पूर्ण, आडनावासकट. मग बाईंनी विचारलं, पहिल्यांदा खोटं का सांगितलंत? तू म्हणालास, “ती माझ्याहून चांगली गाते, आणि हे मला वर्षभर माहीत होतं.” साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, बाई, तुम्ही? मी म्हटलं, हो, मी. आणि नळजोडणीचे उरलेले अर्ज पुढे ओढले. डोळे पुसायला मग प्रसाधनगृहात गेले, ते तू कुणाला सांगू नकोस.

तुझी विनंती मंजूर करत आहे. मी खुर्चीवर बसून गाणार, उभी राहणार नाही. हातात कागद असणार. गाण्याखाली माझं नाव तुझ्या नावाआधी लावायचं. त्या प्लंबरला पहिल्या रांगेत बसवायचं आणि नळासाठी दुसरा बघायचा. भाऊजी येणार आहेत, त्यांना कडेची जागा ठेव, गुडघा लांब करता यायला हवा. तिन्ही प्रतींना हात लावू नकोस.

शाळेचा अर्ज मी फाडून टाकला आहे. फाडलेला नाही, फायलीत आहे. पण वर ‘निकाली’ असा शेरा मारला.

दुसऱ्या कडव्यातली तुझी ओळ फार लांब आहे, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. श्वास मला सापडला आहे. ‘मी येतेच’ म्हटलं की घ्यायचा, आणि मग ‘आहे’. मी कढई घासताना शंभर वेळा करून बघितलं. पण तुझ्या गिटारीबरोबर जमतं का ते एकत्र बसूनच कळेल. म्हणून येत्या शनिवारी सरावाला घरी ये.

मला शनिवारीही अर्धा दिवस काम आहे, भाचीचा क्लास आहे. तू येशील तेव्हा घरात कुणी नसेल. दूध झाकून ठेवते. दार आतून लाव.

किल्ली कुंडीखाली आहे.

तुझी,
ताई